उंचीचा रकाना

रविवारी दुपारी चारच्या सुमारास कोल्हापूरहून आईचा व्हिडिओ कॉल येतो. ती वेळ तिने आणि माझ्या मुलाने आपसात ठरवलेली आहे. माझ्या वाट्याला त्यातलं उरलंसुरलं येतं. गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी तिने त्याला विचारलं, "काय करायलास?"

"खेळतोय."

"बसून?"

"बसूनच खेळायचं असतं, आजी. प्रत्येकानं कुणीतरी व्हायचं आणि मग तेच होऊन बोलायचं."

"म्हणजे सोंग घ्यायचं. मग तू कोण झालायस?"

इथे तो अडला. तेरा वर्षांचा आहे. त्याची मराठी घरातली, तमिळ जिन्यातली आणि इंग्रजी शाळेतली. तिन्ही भाषांत त्याचं बरं चालतं, पण एकीतलं दुसरीत न्यायची वेळ आली की तो माझ्याकडे बघतो. या वेळी मात्र माझी वाट न पाहता म्हणाला, "राक्षस. म्हणजे पुरता नाही, अर्धा राक्षस."

आईचा चेहरा पडद्याच्या जवळ आला. "राक्षस कशाला रे बाळा? एवढे देव पडलेत."

फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे वळला. "आजीला सांगायला दुसरा शब्द दे. तुझं कामच आहे ते."

माझं काम ते आहे खरं. मी तमिळ आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. तुलनात्मक साहित्यात एम. ए. केलं तेव्हा आपण एखाद्या विद्यापीठात शिकवू असं वाटलं होतं. नवऱ्याची नोकरी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, म्हणून नऊ वर्षांपूर्वी आम्ही इरुंगाट्टुकोट्टैला आलो. चेन्नईहून श्रीपेरुंबुदूरकडे निघालं की वाटेत हे गाव लागतं. सिपकॉटची औद्योगिक वसाहत, ह्युंदाईचा कारखाना, मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक, आणि या सगळ्याच्या कडेने वाहणारा राष्ट्रीय महामार्ग ४८. हाच रस्ता पुढे बंगळुरू, बेळगाव करत कोल्हापूरच्या वेशीवरून जातो. आईला मी सांगते की आपण एकाच रस्त्यावर राहतो, फक्त मध्ये थोडे टोलनाके आहेत.

गावाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच सवयीने फोडून पाहिलं. 'काडु' म्हणजे रान, 'कोट्टै' म्हणजे किल्ला, आणि 'इरुम्' या जुन्या शब्दाला मोठं आणि काळं असे दोन्ही अर्थ आहेत. मोठ्या रानातला किल्ला, किंवा गर्द रानातला. आता रान नाही, किल्लाही मला कधी दिसला नाही. नव्याकोऱ्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर तेवढे रात्रंदिवस जातात. तरी मुलाने शब्द मागितला त्या संध्याकाळी मला ते मोठं रान आठवलं, कारण ज्या गोष्टीकडे मी अखेर गेले तीही एका रानातच सुरू होते.

आधी खेळाबद्दल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ मध्ये आणला. पट नाही, पत्ते नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणायचं. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र घ्यायचं आणि त्याच्या वतीने 'मी' म्हणून बोलायचं. डाव अडला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आमच्या इमारतीत हे काम वरच्या मजल्यावरचे शेजारी करतात. ते कारखान्यात पाळीवर असतात, रविवारची सुट्टी सांभाळून खेळ लावतात. त्यांची मुलगी, माझा मुलगा, खालच्या मजल्यावरचा कोरियन मुलगा आणि अधूनमधून येणारं एखादं भावंड असा तो अड्डा. जागा आमच्या जेवणाच्या टेबलाची, कारण ते सगळ्यांत मोठं आहे.

पात्र घडवताना सुरुवातीलाच ठरवावं लागतं की तुम्ही कोणाच्या कुळातले. मनुष्य, एल्फ, बुटका ड्वार्फ, असे पर्याय असतात. माझ्या मुलाने घेतलं होतं गोलायथ. हे महाकायांचे वंशज. सात-आठ फूट उंच, डोंगरात राहणारे, ओझं वाहण्यात पटाईत. २००४ च्या 'रेसेस ऑफ स्टोन' या पुस्तकात ते पहिल्यांदा आले. २०२४ मध्ये खेळाचं मुख्य पुस्तक नव्याने निघालं, त्यात त्यांना मानाचं पान मिळालं. ढग, अग्नी, हिम, टेकडी, पाषाण आणि वादळ अशा सहा प्रकारच्या महाकायांपैकी कोणाचं रक्त आपल्यात आहे हे खेळणाऱ्याने निवडायचं. पाचव्या पातळीला पोचलं की गोलायथला आणखी एक शक्ती मिळते. दहा मिनिटांपुरतं त्याला अवाढव्य होता येतं. एकदा वापरली की पुरती विश्रांती घेईपर्यंत ती परत मिळत नाही.

मी शब्द शोधायला बसले ते त्या रकान्याच्या नावापासून. जुन्या पुस्तकांत त्याला 'रेस' म्हणत. मराठीत वंश म्हणता येईल, आणि छापील भाषांतरात मी तेच लिहिलं असतं. पण तोंडी मराठीत, आईला समजेल असं सांगायचं तर ओठांवर दुसराच शब्द येतो: जात. आणि तो आला की जुन्या पुस्तकांतले तक्ते वेगळे दिसू लागतात. कोणत्या रेसला ताकदीत किती जास्त, बुद्धीत किती कमी, हे त्यात जन्मावरून ठरलेलं असे. १९९१ च्या 'डार्क सन' या संचात अर्धमहाकाय होते. अंगात प्रचंड बळ आणि डोक्याने मंद. अमेरिकेतल्या खेळणाऱ्यांना हे खटकायला बराच काळ लागला. २०२४ च्या पुस्तकात 'रेस' जाऊन 'स्पीशीज' आलं आणि गुणांमधली वाढ जन्माकडून काढून त्या पात्राने पूर्वी काय काम केलं, कुठे वाढलं, याकडे दिली गेली. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना हा बदल आवडत नाही. खेळातली गंमत कमी झाली म्हणतात. मी त्यांना म्हटलं, "जन्मावरून बुद्धी ठरवणारा तक्ता आपल्याकडे पुष्कळ खेळून झालाय." ते हसले आणि फासे गोळा करू लागले.

त्याच 'डार्क सन'मधल्या अर्धमहाकायांची दुसरी एक खोड मात्र मला जवळची वाटली. ते ज्यांच्यात राहतात त्यांच्या चालीरीती उचलतात. त्यांच्या स्वभावाचा एक भाग कायमचा ठरलेला, आणि दुसरा ते रोज सकाळी नव्याने निवडतात. नऊ वर्षं तमिळ शेजारात राहून मराठीत लिहिणाऱ्या बाईला यात मंदबुद्धी काही दिसत नाही.

मग मुख्य शब्द. महाकाय हा निव्वळ विशेषण. आजीला फोनवर सांगण्याजोगा नाही. दैत्य म्हणजे दितीची संतती, दानव म्हणजे दनूची. असुर आहेत, राक्षस आहेत. वरच्या शेजाऱ्यांनी 'अरक्कन' सुचवला; तो राक्षसाचाच तमिळ अवतार. कोरियन मुलाला विचारलं तर तो म्हणाला 'गॉ-इन', मोठा माणूस. दोन अक्षरं, एकाचा अर्थ मोठा आणि एकाचा माणूस. मला त्याचा हेवा वाटला. आमच्या शब्दांत मोठेपणा आहे, पण माणूस नाही.

आमचे महाकाय भाषेत उरलेत ते घरात बोलणी खायला. जास्त जेवणारा बकासुर, उशिरा उठणारा कुंभकर्ण. तमिळमध्येही हेच. वरच्या मजल्यावरची आजी, जिला सगळे पाट्टी म्हणतात, नातीला सकाळी याच कुंभकर्णाच्या नावाने उठवते. आणि मोठ्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या बाईसाठी मराठीने एक नाव राखून ठेवलं आहे: हिडिंबा.

मी पाच फूट दहा इंच आहे. आठवीपर्यंत ती उंची पुरी झाली होती. कोल्हापुरात तेव्हा मुलीने ताडमाड वाढणं हे आईबापांच्या चिंतेत एक भर होती. शाळेत मी कायम शेवटच्या रांगेत, फोटोत कायम बसलेली. एका लग्नात एक नातेवाईक बाई हसत म्हणाल्या, "हिडिंबेला भीम कुठनं आणायचा आता?" सगळे हसले. आईही हसली. त्यानंतर ती मला रस्त्याने जाताना हळूच म्हणायची, "जरा खांदे पाड." लग्नासाठी माझा परिचयपत्रक तयार झाला तेव्हा उंचीच्या रकान्यात पाच फूट आठ इंच होतं. अक्षर आईचं. मी काही बोलले नाही. नवरा पाच फूट नऊ आहे. त्यानेही त्याच्या पत्रकात एक इंच वाढवलेला होता, हे लग्नानंतर कळलं. त्यावर आम्ही आजही हसतो. अंतरपाट धरणाऱ्यांना हात चांगलेच उंच धरावे लागले होते.

आता मुलगा तेराव्या वर्षी माझ्या कानाच्या वर गेला आहे. खालची पोरं त्याला 'नेट्टैयन' म्हणतात, लंबू. तो हसतो, आणि दारातून येताना गरज नसताना मान खाली घालतो. खांदे पाडणं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने ते माझ्याकडे पाहून उचललं असणार. म्हणून टेबलावर बसून तो सात फुटांचा होतो, आणि ते झाल्याचं आजीला सांगतो, तेव्हा त्याच्या हातात राक्षस हा शब्द देऊन मला मोकळं होता येईना.

गोलायथ हे नाव तरी कुठून आलं? बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातून. मराठी बायबलात तो गल्याथ. गथ गावचा, पलिष्ट्यांच्या बाजूचा वीर, ज्याला दाविदाने गोफणीच्या दगडाने पाडलं. म्हणजे खेळातल्या एका अख्ख्या कुळाला नाव मिळालं ते हरलेल्याचं, आणि तेही शत्रूने लिहून ठेवलेल्या गोष्टीतून. हे मला नवं नव्हतं. मी ज्या गावात वाढले त्याचं नाव एका मारल्या गेलेल्या असुराचं आहे. महालक्ष्मीने कोल्हासुराला मारलं, आणि मरताना त्याने मागितलं की या जागेला माझं नाव राहू दे. दर नवरात्रात ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडतात, तो असुराच्या वधाची आठवण म्हणून. लहानपणी आम्ही ती गर्दी पाहायला जायचो आणि परत येताना त्याच असुराच्या गावात घरी यायचो. महामार्ग सोडून थोडं आत गेलं की म्हैसूर, ते महिषासुराचं. मारायचं आणि नाव ठेवायचं, ही रीत आपल्याकडे जुनी आहे.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त हीच नावं उलट्या बाजूने वाचली. राक्षस म्हणजे रक्षण करणारे, म्हसोबा म्हणजे बळीराजाचा महासुभा. भाषाशास्त्राच्या परीक्षेत या व्युत्पत्त्या टिकणार नाहीत हे मला विद्यार्थिदशेत कळलं होतं, आणि त्या वेळी मी ते जरा तोऱ्यात सांगायचेही. आता वाटतं, की फुल्यांचा प्रश्न व्युत्पत्तीपेक्षा मोठा होता. हे नाव कोणी ठेवलं, आणि ज्याला ठेवलं त्याला विचारलं होतं का? म्हसोबाला आजही शेताच्या बांधावर शेंदूर लागतो. दिवाळीत ओवाळताना आमच्याकडच्या बायका बळीचं राज्य येवो म्हणतात. म्हणजे लोकांनी हरलेल्यांना सोडलेलं नाही. त्यांची पूजा होते, त्यांचा वध होतो, त्यांची नावं गावांना राहतात. 'मी' म्हणून बोलायची पाळी मात्र त्यांच्यावर क्वचित येते.

या सगळ्यात अर्धा महाकाय, ज्याचं कूळ खेळातल्यासारखं दोन्हीकडचं, असा आपल्याकडे एक आहेच. घटोत्कच. लाक्षागृहातून निसटलेले पांडव रानात झोपले आहेत. हिडिंब आपल्या बहिणीला त्यांना मारून आणायला पाठवतो, ती भीमावर जीव लावून बसते. भीम हिडिंबाला मारतो आणि हिडिंबेशी लग्न करतो, मूल होईपर्यंत राहायचं या कराराने. मूल होतं. डोकं घटासारखं, त्यावर केस नाहीत, म्हणून घटोत्कच. ते जन्मताच मोठं होतं आणि आठवण काढाल तेव्हा येईन असा शब्द देतं. पांडव पुढे निघून जातात.

ते त्याची आठवण काढतात ती कामाच्या वेळी. वनपर्वात हिमालय चढताना द्रौपदी थकते, तेव्हा घटोत्कच येतो आणि तिला वाहून नेतो. खेळाच्या पुस्तकात गोलायथची ओझं वाहण्याची क्षमता वेगळी नोंदलेली आहे, ती वाचताना मला हेच चित्र दिसलं. मग द्रोणपर्वातली ती रात्र. कर्णाकडे इंद्राने दिलेली एकदाच वापरता येणारी शक्ती आहे आणि ती त्याने अर्जुनासाठी राखली आहे. ती खर्च व्हावी म्हणून घटोत्कचाला पुढे केलं जातं. शक्ती लागते, आणि पडता पडता तो अवाढव्य होतो, म्हणजे निदान कौरवांच्या सैन्यावर तरी पडेन. पांडव रडतात. कृष्ण आनंदाने अर्जुनाला मिठी मारतो, आणि पुढे असंही सांगतो की कर्णाने याला मारलं नसतं तर मलाच मारावं लागलं असतं.

मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मोठं व्हायची पॉवर त्यानं मरताना वापरली?"

"हो."

"आणि ती एकदाच मिळते."

त्याच्या खेळात दहा मिनिटांनी माणूस पुन्हा पहिल्याएवढा होतो आणि झोपून उठला की शक्ती परत येते. महाभारतात ती सोय नाही.

इथून कांचीपुरम तासाभरावर आहे. तिथल्या उलगळंद पेरुमाळ मंदिरात त्रिविक्रमाची सुमारे ३५ फूट उंच मूर्ती आहे. एक पाय आडवा वर उचललेला, दुसऱ्या पायाखाली बळीचं डोकं. बटू म्हणून आलेल्याने त्रैलोक्य मापलं, तो क्षण. गाभारा अंधारा, मूर्ती इतकी उंच की चेहरा पाहायला मान मागे टाकावी लागते. त्या दिवशी आम्ही तिघं तिथे उभे होतो, तिघांच्याही माना वर, आणि माझ्या मनात भाषांतरकाराचा एक क्षुद्र विचार आला. देव मोठा होतो त्याला आपण विराट म्हणतो. घटोत्कच मोठा होतो त्याला माया म्हणतो, आणि त्याच्या रूपाला अक्राळविक्राळ. क्रिया तीच आहे, फक्त शब्द आधीच वाटून दिलेले आहेत.

तरी घटोत्कचाला कोणी कधी मध्यभागी आणलंच नाही असं नाही. भासाच्या नावावर असलेल्या 'मध्यमव्यायोग' या एकांकी नाटकात तोच पुढे असतो. आईने पाठवलं म्हणून एका ब्राह्मणाच्या मधल्या मुलाला घेऊन जायला तो आलेला. 'मध्यम' अशी हाक मारतो आणि रानातून पांडवांतला मधला, भीम, बाहेर येतो. बाप आणि मुलगा एकमेकांना न ओळखता समोरासमोर. शेवटी कळतं की हिडिंबेला नवऱ्याला भेटायचं होतं. आणि व्यासांच्या महाभारतात नसलेली, लोकांनी स्वतः रचलेली ती गोष्ट आहेच: बलरामाच्या मुलीचं अभिमन्यूशी लग्न लावून देणारा, वऱ्हाडाचं जेवण एकट्याने फस्त करणारा घटोत्कच. बाबूराव पेंटरांनी १९२१ मध्ये कोल्हापुरात 'सुरेखा हरण' मूकपट काढला. १९५७ मध्ये याच मद्रासेत के. व्ही. रेड्डींनी तेलुगू आणि तमिळमध्ये 'मायाबझार' केला, त्यात एस. व्ही. रंगाराव घटोत्कच झाले. पाट्टीला तो सगळा पाठ आहे. मी विषय काढला तर ती उभी राहिली आणि रंगारावांसारखी छाती काढून हसली. पंचाहत्तरीची, साडेचार फुटांची बाई. तिच्यासाठी त्या शब्दात काही लागणारं नव्हतं. तिने तो हसताना, जेवताना पाहिला होता.

मला शब्द मिळाला तो या सगळ्याच्या मध्ये, महाभारत चाळताना. व्यास घटोत्कचाला दोन नावांनी हाक मारतात. भैमसेनी, म्हणजे भीमसेनाचा. आणि हैडिंब, म्हणजे हिडिंबेचा. कुंतीचा तो कौंतेय, राधेचा तो राधेय, तशाच घडणीचं, आईवरून पडलेलं नाव. त्यात राक्षस नाही, अर्धा नाही, उंची नाही. कोणाच्या पोटचा, एवढंच. आणि हे कुळाचं नाव म्हणून नवं नाही. आसामातल्या कचारी राजांनी आपला वंश भीम-हिडिंबेपासूनच सांगितला. मनालीत हिडिंबेचं देऊळ आहे, १५५३ मध्ये बांधलेलं, आणि कुल्लूचं राजघराणं तिला आजी मानतं. तिथे दसरा तिच्याशिवाय सुरू होत नाही. एक आख्खा मुलूख ज्या नावाने ओवाळतो, ते नाव मला एका लग्नात चिडवायला वापरलं गेलं होतं.

मी कागदावर लिहून मुलापुढे ठेवलं. त्याने दोनदा मोठ्याने वाचलं. "हैडिंब. पण हे गोलायथ नाही ना."

"नाही. भाषांतर म्हणजे तोच शब्द नसतो."

"आणि डोंगरात राहणारे, वादळवाले, ते सगळे?"

"तेही हिडिंबेचे. तिची लेकरं कुठं कुठं गेली, कोणी मोजली?"

त्याला हे पटलं, कारण यात गोष्टीला जागा होती. गोलायथांची नावं तीन भागांची असतात: जन्मनाव, पराक्रमावरून मिळालेलं टोपणनाव, मग कुळाचं नाव. त्याने पात्राचं नाव ठेवलं उत्कच. टोपणनाव अजून मिळवायचं होतं.

पुढच्या रविवारी आईचा फोन आला तेव्हा त्याने तिला नीट समजावलं. मी स्वयंपाकघरात होते, ऐकू येत होतं.

"हैडिंब? हे कुठलं आणि?"

"घटोत्कचाच्या घराण्यातला, आजी."

"घटोत्कच व्हय! मग तसं सांगायचं की. अगं बाई, त्याचं जेवण..." आणि ती वऱ्हाडाच्या पंगतीची गोष्ट सांगू लागली. लाडू, जिलब्या, सगळं. तो हसत होता. मग त्याने मध्येच म्हटलं, "हैडिंब म्हणजे हिडिंबेचा. त्याची आई."

तिकडे थोडा वेळ शांतता होती. मला वाटलं फोन कट झाला.

"एकटीनं वाढवलं तिनं त्याला," आई म्हणाली. "रानात. सगळे गेले सोडून." मग आवाज बदलून, "जेवलास का? आणि मान वर करून बस जरा, दिसत नाहीस."

मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले. तिला ते लग्न आठवलं का, तो रकाना आठवला का, मी विचारलं नाही. विचारेन असं वाटतही नाही. एखादं वाक्य जसं आलं तसं ठेवायचं, त्यात आपल्याकडून काही घालायचं नाही, हे मला निदान कामात तरी जमतं.

डिसेंबरात कोरियन मुलाच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब परत गेलं. जाताना त्याने माझ्या मुलाच्या वहीवर 'गॉ-इन' कोरियन लिपीत लिहून दिलं आणि हैडिंब देवनागरीत लिहायला शिकून घेतलं. त्याची 'ड'च्या डोक्यावरची रेघ जरा वाकडी आली. टेबलाभोवती एक खुर्ची रिकामी झाली. तीन जणांत खेळ रंगेना, तेव्हा वरच्या शेजाऱ्यांनी मला विचारलं. टेबल माझंच होतं, आणि तसंही मी दर रविवारी एक कान तिकडे लावूनच बसलेली असे.

मुलाने माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. कोण व्हायचं ते विचारावं लागलं नाही. पूर्वीचं काम म्हणून मी लेखनिक घेतलं, बळापेक्षा समजुतीचे गुण जास्त ठेवले. नव्या पुस्तकात तसं चालतं. नाव नंतर ठरवू म्हटलं. मग पात्राच्या दिसण्याची चौकट आली. त्वचेचा रंग, केस, डोळे.

"उंची पण लिही," मुलगा म्हणाला.

पेन हातात घेऊन मी थोडा वेळ थांबले आणि लिहिलं: ७ फूट ४ इंच.

त्याने कागद स्वतःकडे ओढून पाहिला. "आठपर्यंत चालतं, आई," तो म्हणाला.